पुलाच्या अलीकडचा दिवस

पोरी, जावईबापू,

आषाढात पोराला घेऊन ठाण्याहून गाडीने माळशेजला जायचं ठरवलंत आणि वाटेत बदलापूरला आमच्याकडे उतरणार म्हणालात, बरं वाटलं. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवतोय. यातलं बरंचसं माझं नाही. काही माझ्या वडिलांचं आहे, ते उल्हास नदीच्या काठी भातशेती करायचे. काही थोरल्या काकांचं, ज्यांचं आयुष्य मालट्रक चालवण्यात गेलं. त्यांनी माझ्या कानावर घातलं, मी तुमच्या घालतो.

पाऊस लागला म्हणून दिवस फुकट गेला असं मानू नका. पण ठरवलंय म्हणून माळशेज गाठायचंच, हा हट्टही धरू नका. वडील सांगायचे, पावसात पुलाच्या अलीकडे जे आहे तेवढं आज आपलं, पलीकडचं पुढच्या खेपेला. आमच्या या भागात सगळी गोष्ट पुलावर येऊन थांबते. कल्याणहून मुरबाडकडे जाताना म्हारळ, वरप, कांबा गेलं की रायता येतं. तिथला उल्हासवरचा पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातो आणि कल्याण-मुरबाड रस्ता बंद पडतो. सकाळी ओलांडून गेलात आणि दुपारी नदी चढली, तर तुम्ही पलीकडे अडकलात. वर माळशेजला दरड आणि धुकं, खाली रायत्याला पाणी, मध्ये तुम्ही, असं होऊ नये.

म्हणून निर्णय शहाडला घ्यायचा. तिथून एक वाट मुरबाडकडे जाते, दुसरी उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला येते. रात्रभर पाऊस धरून असेल, तर मुरबाडची वाट सोडा आणि उल्हासनगरात शिरा. तो दिवस या तीन गावांत घालवा. तिन्ही मिळून अंतर थोडं आहे आणि बघण्यासारखं पुष्कळ.

नदी कशी ओळखायची ते आधी सांगतो. उल्हास उगवते राजमाचीच्या डोंगरात. कर्जत, नेरळ, वांगणी करत ती बदलापूरला येते आणि पुढे कल्याणच्या खाडीतून वसईकडे समुद्राला मिळते. म्हणजे आमच्याकडे येणारं पाणी आमच्या डोक्यावर पडलेलं नसतं. बदलापुरात ऊन पडलेलं असतं आणि कर्जतच्या अंगाला डोंगर काळे झालेले असतात; काही तासांनी नदी फुगते. तेव्हा आभाळ बघायचं ते डोंगराकडचं. पाण्याचा रंग तांबूस गढूळ झाला, काटक्या, पाचोळा आणि फेस वाहून येऊ लागला, की पाणी वाढतंय. खात्री करायची असेल तर सुरक्षित उंचीवर उभं राहून काठावरचा एखादा दगड हेरून ठेवा, चहा पिऊन या आणि पुन्हा बघा. दगड बुडाला असेल तर गाडीत बसा आणि माघारी फिरा.

समुद्राची भरतीही ध्यानात घ्यावी लागते. भरती लागली की खाडीत पाणी तुंबतं आणि कल्याणच्या खालच्या भागांतलं पाणी ओसरायला वेळ लागतो. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, सगळ्यात मोठ्या भरतीचे. हा हिशेब ढोबळ आणि मुंबईच्या किनाऱ्याचा आहे; खाडीत आत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. आता मोबाईलवर मिनिटासकट वेळ कळते, तीही बघा. पण हा हिशेब तोंडपाठ असू द्या, कारण पावसात सगळ्यात आधी नेटवर्क जातं.

आमच्या गावाने पाणी बघितलंय. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच वेळी उल्हासने बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या काठाकाठाने घरंच्या घरं बुडवली, हे आम्हा इथल्यांना विसरता येत नाही. पुन्हा २०१९ मध्ये जुलैच्या २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली. चहूकडे पाणी आणि आत हजारावर माणसं. रेल्वे त्यांना सांगत होती, डब्यातून उतरू नका. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आणि हवाई दल आलं, गावातली माणसं धावली आणि सगळे सुखरूप बाहेर आले. त्यांत नऊ गरोदर बाया होत्या.

यातून एक गोष्ट नीट समजून घ्या, जावईबापू, कारण गाडी तुम्ही चालवणार. आगगाडीचा डबा जड आणि उंच असतो, म्हणून त्यात बसून राहणं शहाणपणाचं. मोटारीचं अगदी उलट. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलायला लागतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. गाडीभोवती पाणी चढायला लागलं तर आत बसून राहू नका. वीज चालू आहे तोवर काचा खाली करा, पट्टे सोडा, पोराला आधी बाहेर द्या आणि उंचावर जा. गाडीचं काय ते विमा बघेल.

पुलावरून पाणी जात असेल तर ते वीतभर आहे की हातभर, हा प्रश्नच मनात आणायचा नाही. खाली पूल शिल्लक आहे का, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल गेला. दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. अंधारात त्या चालकांना पूल गेल्याचं कळायला मार्गच नव्हता. तुम्हाला दिवस आहे, थांबायला जागा आहे, मग थांबायचं.

रस्ता बंद पडल्याची काकांची खूण फार सोपी होती. समोरून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवायची. एसटी, दुधाचे टेम्पो, भाजीच्या गाड्या येत असतील तर रस्ता चालू आहे. बराच वेळ समोरून काहीच आलं नाही, तर पुढे काहीतरी झालंय. तेव्हा पहिल्या टपरीवर गाडी बाजूला घ्या आणि विचारा. टपरीवाल्याला पाच गावांची खबर असते.

गाडीविषयी आणखी थोडं. वायपरचं रबर मृगाआधीच बदलून घ्या. काच आतून धुरकटली की एसी लावा, हवा काचेवर सोडा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या. फडक्याने पुसत बसलात तर नजर रस्त्यावरून हटते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही. साधे दिवे खालच्या झोतावर पुरतात. साचलेलं, न वाहणारं पाणी चाकाच्या निम्म्याच्या आत असेल तरच गाडी त्यात घाला, पहिल्या गियरात, न थांबता. मध्येच इंजिन बंद पडलं तर पुन्हा चालू करायला जाऊ नका. आत पाणी ओढलं गेलं की इंजिन कायमचं जातं. ढकलून बाहेर काढा. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबा म्हणजे ते सुकतात. आणि वायपरच बंद पडला तर काका काचेला बाहेरून तंबाखू चोळायचे. तंबाखू नसेल तर बटाट्याची फोड. पाणी थेंबाथेंबाने काचेवर अडत नाही, सपाट पसरून ओघळतं आणि समोरचं दिसतं. तेवढ्यावर लांब जायचं नसतं, जवळचं गॅरेज गाठायचं.

पैसे थोडे रोख ठेवा, शंभराच्या नोटांत. वीज आणि नेटवर्क गेलं की मोबाईलवरून चहाचे पैसेसुद्धा देता येत नाहीत.

आता दिवस कसा घालवायचा ते.

सकाळी भुकेले असाल, तर उल्हासनगरात दाल-पकवान खा. कडक तळलेला पकवान, त्यावर घट्ट चणाडाळ, चिंचेची चटणी, कांदा. हे गाव फाळणीनंतर सिंधमधून उखडून आलेल्या माणसांनी उभं केलं. लष्कराच्या रिकाम्या छावणीच्या बराकींत त्यांना ठेवलं होतं, म्हणून आजही पत्ता सांगताना कॅम्प एक, कॅम्प पाच असंच म्हणतात. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या वसाहतीची कोनशिला बसवली आणि नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. म्हणजे या वसाहतीची कोनशिला बसली तीही भर पावसाळ्यातच. त्यांच्या हातचा सन्ना पकोडा पावसात मागून खा. भजी एकदा तळून, मोडून, पुन्हा तळतात. गार झाली तरी ती मऊ पडत नाहीत, म्हणून गाडीत न्यायला आमच्या कांदाभज्यांपेक्षा बरी.

भिजला असाल तर ओल्या कपड्यांत दिवस काढू नका. गजानन मार्केटमध्ये कोरडे कपडे घ्या, स्वस्त मिळतात. पोराला आधी कोरडं करा, मग खरेदीचं बघा. आणि निघायच्या दिवशी आषाढी एकादशी असेल तर शहाडच्या बिर्ला मंदिरात विठ्ठलाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी लक्षात घ्या. दर्शन घ्यायचं असेल तर पहाटे या, नसेल तर शहाडचा रस्ता दुपारपर्यंत टाळा.

उल्हासनगरहून पुढे अंबरनाथ. शिवमंदिर पावसातच बघावं, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात दगड तापलेला असतो, डोळे दिपतात आणि माणूस दहा मिनिटांत सावली शोधतो. पावसात तो काळा दगड भिजून गडद होतो, ढगांचा उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि भिंतीवरची एकेक मूर्ती पुढे येते. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्या मंदिरात आहे. शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. साडेनऊशेहून अधिक पावसाळे या दगडांनी झेललेत.

आत घुसायची घाई करू नका. आधी बाहेरून, देवाला उजव्या हाताला ठेवून, सावकाश एक फेरी घाला. खालच्या थरात हत्तींची रांग आहे, तिथून नजर वर न्या. नर्तकी बघा, शिवाची वेगवेगळी रूपं बघा. शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या उभ्या ओळी आहेत. या बांधणीला भूमिज म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या भूमिज मंदिरांत हे फार जुनं. पाणी त्या कोरीव रेघांतून कसं उतरतं, कुठे वळतं, कुठे टपकतं, ते पोराला दाखव, पोरी. कारागिरांनी पाण्याच्या वाटेचा केवढा विचार केला होता ते त्याला आपोआप समजेल. मग सभामंडपात जा, खांब आणि वरचं घुमटाकार छत बघा. तिथून वीसेक पायऱ्या खाली उतरून गाभारा. वरचं शिखर अर्ध्यावर थांबलेलं आहे, बहुधा कधी पुरंच झालं नाही, त्यामुळे गाभारा आकाशाला उघडा आहे. पाऊस थेट आत पडतो. महादेवावर पावसाचा अभिषेक व्हावा यापरतं दुसरं काय हवं! पायऱ्या निसरड्या असतात. अनवाणी असाल, तेव्हा भिंतीला हात लावून उतरा, कोरीव मूर्तीला नव्हे. एक टॉवेल बरोबर ठेवा, बाहेर आल्यावर पाय पुसायला.

मंदिराशेजारून वालधुनी वाहते. तिच्या पाण्यात पोराला हात घालू देऊ नका. आमच्या लहानपणी लोक तिथे हातपाय धूत. पुढे कारखान्यांचं रासायनिक सांडपाणी तिच्यात सोडलं जाऊ लागलं आणि नदीचा नाला झाला. त्या मंदिराच्या पायाशी ती अशी वाहते, हे मला अजूनही सहन होत नाही.

बदलापूरला पोचलात की जेवण आमच्याकडे. पण येताना स्टेशनच्या बाजाराशी पाच मिनिटं थांबा. ठाकर आणि कातकरी बाया डोंगरातून रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. पहाटे डोंगर चढून, भिजत, एकेक पान खुडून त्या ती जुडी आणतात. फोडशी दिसली तर घ्या. कवळ्या पातीची, आणि घरी मधला कडक दांडा काढून टाका. टाकळा घ्यायचा तर कोवळ्या पानांचाच. करटोली घट्ट आणि हिरवी बघून घ्या, पिवळी पडलेली आतून पिकून बियांनी भरलेली असतात. कुर्डू मिळाला तर भात-वरणाबरोबर त्याच्यासारखी भाजी नाही.

शेवळांचा हंगाम मृगापासून फार तर महिनाभर. त्यामुळे तुम्ही येईपर्यंत ती मिळतील न मिळतील. पण कृती माहीत असू दे, पोरी, कारण तुझ्या आजीनंतर आपल्या घरात ती तुलाच करायची आहे. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून विकणारी बाई शेवळांबरोबर काकडं देते, ती हिरवी आंबट फळं. तिने दिली नाहीत तर मागून घे. काकडांशिवाय शेवळं घ्यायचीच नाहीत. वरची पानं सोल, आतला पिवळा भाग काढून टाक, उरलेलं बारीक चिर. काकडं ठेचून त्यांचा रस घाल, तो कमी वाटला तर चिंचेचा कोळ. नीट परतून मग शिजव. वाल किंवा सुकट घातली की भाकरी कमी पडते. आणि रानात उतरून स्वतः भाजी खुडायला जाऊ नका. त्या बायांची नजर पिढ्यानपिढ्यांची आहे. आपल्याला दोन पानं सारखीच दिसतात आणि त्यातलं एक विषारी असू शकतं.

जांभळांसाठी मात्र पुढच्या वर्षी मे-जूनमध्ये वेगळं यावं लागेल. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पहिला जोराचा पाऊस झाला की फळात अळी पडते.

जेवणानंतर पाऊस थांबला नाही, तर तुम्हाला ग्रंथसखा वाचनालयात नेईन. श्याम जोशी यांनी बदलापुरात उभं केलेलं हे वाचनालय म्हणजे मराठी पुस्तकांचं मोठं भांडार आहे. दुर्मीळ ग्रंथ, जुनी नियतकालिकं, सगळं आहे. जावईबापूंना जुन्या मासिकांचा नाद आहे, त्यांना तिथून उठवावं लागेल. आधी फोन करून वेळ विचारू, ओल्या छत्र्या आणि चपला बाहेर ठेवू, हात कोरडे करून मगच पुस्तकाला लावू.

कोंडेश्वरचं नाव तुम्ही घ्याल, मला माहीत आहे. जागा सुंदर आहे. डोंगराच्या कुशीत महादेवाचं देऊळ आणि शेजारी कोसळणारं पाणी. पण त्या कुंडात दरवर्षी पोहायला उतरलेली तरुण पोरं बुडतात. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली पाण्याचा लोंढा एकदम येतो आणि पळायला वेळ मिळत नाही. कपारी खोल आहेत, वरून दिसत नाहीत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन कोंडेश्वर, भोज धरण, बारवी धरण या ठिकाणी मनाई आदेश काढतं. आदेश लागू असेल तर तिकडे वळायचंच नाही, 'लांबून बघून येऊ' असंही नाही. बारवीला तर पूल ओलांडून जावं लागतं आणि पाणी ठरावीक पातळीला गेलं की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. धबधबा बघायचाच असेल तर आमच्या गच्चीवरून डोंगरावरच्या पांढऱ्या धारा दिसतात. भाजलेलं कणीस हातात घेऊन त्या बघत बसा.

गाडी पश्चिमेला नदीच्या बाजूला लावू नका. हेंद्रेपाडा, मांजर्ली, वालिवली या भागात पाणी आधी शिरतं. झाडाखाली नको, नाल्याच्या कडेला नको, तळघरात तर मुळीच नको. आमच्या इमारतीत वरच्या बाजूला जागा ठेवायला सांगतो. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर दोन तासांनी बदला. चुलीशेजारी ठेवून सुकवलेलं चामडं तडकतं. गाडीतल्या पायपुसण्यांखालीही कागद घाला, नाहीतर आठ दिवस कुबट वास जात नाही. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. पावसात विंचू आणि फुरसं कोरडी जागा शोधत घरात येतात.

संध्याकाळी पाऊस उघडला तरी त्याच दिवशी परत निघू नका. दिवसभर डोंगरात पडलेलं पाणी नदीला रात्री येतं आणि काळोखात रस्त्यावरचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. रात्र आमच्याकडे काढा. निघण्याआधी मला फोन करा, आणि शहाडला थांबून पुन्हा एकदा करा. रायत्याला पाणी किती आहे ते मी इथून विचारून ठेवतो. दोघांच्याही मोबाईलमध्ये आणि एका कागदावर दोन नंबर लिहून ठेवा. कुठल्याही संकटाला ११२, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७.